भाऊबिजेचा सिनेमा: तोच सिनेमा दरवर्षी, सगळ्यांनी बसून कसा बघायचा

आमच्या नौपाड्यातल्या घरी दर भाऊबिजेला दुपारी तीन वाजता ‘अशी ही बनवाबनवी’ लागतो. ओवाळून झालेलं असतं, पाटाभोवतीची रांगोळी कुणाच्या तरी पायाने विस्कटलेली असते, जेवणं उरकलेली असतात आणि दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये बारा-चौदा माणसं दाटीवाटीने बसलेली असतात. सिनेमा १९८८चा. आमच्याकडे तो आधी भाड्याच्या व्हीसीआरवर आला, मग केबलवर, मग सीडीवर, आता लॅपटॉपवरून टीव्हीवर येतो. घरात प्रत्येकाला पाठ आहे. तरी लावतोच.

ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, आमच्याकडेही असं काहीतरी सुरू करायचंय, एक वर्ष केलं पण पुढच्या वर्षी बारगळलं, तुमचं इतकी वर्षं कसं टिकलं? त्यांना तोंडी जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढते आहे. एक कबुली आधीच देते. आमचंही पहिली वीसेक वर्षं एका बाबतीत साफ चुकत होतं आणि ते आम्हाला कळलंसुद्धा नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या भागात येईल. घाई असेल त्यांनी बाकीचं सोडून तेवढं वाचलं तरी चालेल.

दिवस पक्का करा, तारीख नको

सिनेमा नंतर, आधी दिवस. ‘दिवाळीत एकदा बघू’ असं ठरवलंत तर बघणं होत नाही. व्हॉट्सअॅपवर चाळीस मेसेज होतात, अंगठे येतात, आणि तुळशीचं लग्न लागून जातं. दिवस सणाला बांधलेला हवा, म्हणजे दरवर्षी विचारावं लागत नाही.

दिवाळीतले दिवस आम्ही एकेक करून बाद केले. नरक चतुर्दशीला पहाटे पाचला उटणं, मग फराळ, आणि घरातली तरुण मंडळी नटूनथटून राम मारुती रोड नाहीतर तलावपाळीला. ठाण्यात पहिल्या आंघोळीची सकाळ घरात काढणारा तरुण म्हणजे त्याला ताप तरी असतो किंवा परीक्षा. ती सगळी अकरा-बाराला घरी येतात आणि जेवून आडवी होतात. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी दार उघडं, लोक येणार-जाणार, आणि फटाक्यांत टीव्ही कुठला ऐकू यायला! पाडवा नवरा-बायकोचा आणि सासुरवाडीचा. राहता राहिली भाऊबीज. त्या दिवशी बहिणी येतातच, पोरं असतातच, आणि ओवाळणं आणि संध्याकाळचा चहा यांच्यामध्ये एक लांबलचक, सुस्त दुपार मोकळी असते. नाहीतरी त्या दुपारी सगळे मोबाइल बघत लोळतात.

अडचण एकच. एखाद्या बहिणीला दोन भाऊ असतात, एक खारघरला आणि एक कळव्याला. अशा घरांनी सरळ ठरवावं की सकाळी एकीकडे, दुपारी एकीकडे, आणि सिनेमा दुपारच्या घरी. दरवर्षी घर बदललं तरी चालेल, दिवस बदलू नका.

वेळ तीनची का? नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तीनला सुरू केलं की मध्ये चहा घेऊनही साडेसहापर्यंत संपतं, आणि फटाक्यांचा खरा जोर सुरू व्हायच्या आत शेवटची हाणामारी-पळापळ ऐकू येते. दिवेलागणीला पाच मिनिटं थांबवायचं, पणत्या आणि कंदील लावायचे, परत बसायचं. हा पॉज आमच्याकडे आता सिनेमाचाच भाग झालाय.

येणाऱ्यांची वाट लक्षात घ्या. माझी नणंद नेरूळहून ट्रान्स-हार्बरने येते. सुट्टीच्या दिवशी गाड्या बऱ्याचदा रविवारच्या वेळापत्रकाने धावतात, आणि भाऊबीज रविवारी आली (२०२४ साली आली होती) तर मेगाब्लॉक आहे का तेही आदल्या दिवशी बघून ठेवावं. घोडबंदर रोडवरून कुणी येणार असेल तर त्यांना अडीचची वेळ सांगा. खोटं बोलणं वाईट, पण घोडबंदर रोड त्याहून वाईट.

सिनेमा कुठला

‘दिवाळीचा सिनेमा’ असा वेगळा प्रकार आपल्याकडे फारसा नाही, त्यामुळे गोष्टीत दिवाळी असायलाच हवी हा हट्ट सोडा. माझ्या मते तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली, माणसं भरपूर हवीत. एकाच हिरोच्या खांद्यावरचा सिनेमा तिसऱ्या वर्षी थकतो. ‘बनवाबनवी’त अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन आणि सिद्धार्थ रे हे चौघे आहेतच, शिवाय सुधीर जोशींचा घरमालक सरपोतदार आहे, नयनताराबाईंच्या मालकीणबाई लीलाबाई आहेत, अश्विनी भावे, सुप्रिया, निवेदिता जोशी, प्रिया अरुण आहेत. घरातल्या प्रत्येकाचं एक लाडकं पात्र असतं आणि ते पडद्यावर आलं की तो माणूस सरसावून बसतो. लहानपणी मला फक्त बेर्डेंचा परशा दिसायचा. चाळिशी ओलांडल्यावर सरपोतदारांची बाजू पटायला लागली आहे, ही काळजीची बाब आहे.

दुसरी, मध्येच येऊन बसलेल्याला दोन वाक्यांत गोष्ट सांगता यावी. चार मित्रांना पुण्यात भाड्याने जागा हवी आहे, मालकीणबाई फक्त जोडप्यांनाच देतात, म्हणून चौघांतले दोघे बायका होतात. झालं. याउलट रहस्य असलेला विनोदी सिनेमा एकदाच चालतो.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. सिनेमाचा तुमच्या घराशी कुठेतरी धागा हवा. आमचं घर गिरगावातल्या चाळीतून ठाण्यात आलं ते जागेपायीच. त्या काळी ठाण्याला आलेल्या अर्ध्या मराठी घरांची हीच गोष्ट असेल. आजोबांनी दोन वर्षं जागा शोधली होती. त्यामुळे घर शोधणाऱ्या माणसांचा विनोद आमच्याकडे पहिल्यापासून अंगावर बसला. आणि तो जुना होत नाही. माझा भाचा ऐरोलीला आयटी कंपनीत लागला आणि तीन मित्रांबरोबर कोपरखैरणे, घणसोली पालथं घालत होता, सगळीकडे एकच उत्तर, ‘बॅचलर्स नकोत, फॅमिलीलाच देतो.’ त्या वर्षी भाऊबिजेला तो ज्या प्रकारे हसला तसा आधी कधी हसला नव्हता. हसून झाल्यावर म्हणाला, “मामी, आमच्यात साडी कुणाला शोभेल याचा आम्ही खरंच विचार केला होता.”

तुमचा धागा वेगळा असेल. कोकणात जाणारं घर असेल तर ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) बघा, बराचसा सिनेमा गणपतीपुळ्याला निघालेल्या एसटीत घडतो. ‘धुमधडाका’ (१९८५) आणि ‘गंमत जंमत’ (१९८७) हेही पुन्हा पुन्हा बघायला टिकतात. एकदा ठरवला की निदान पाच वर्षं बदलू नका. दुसऱ्या वर्षी ‘तोच काय’ असं कुणीतरी म्हणणारच. तिसऱ्या वर्षी तोच माणूस ‘लावा की’ म्हणतो.

प्रत, वायर आणि आवाज

हे काम आठवडाभर आधी करायचं. ओटीटीवर सिनेमे येतात-जातात, गेल्या दिवाळीला होता तो या दिवाळीला असेलच असं नाही. टीव्ही चॅनलवर लागणार असेल तर त्या भरवशावर राहू नका, जाहिराती धरून तो चार तास चालतो आणि कुणालाही थांबवता येत नाही. इंटरनेटवर कुणीतरी चढवलेल्या फुकट प्रतींची तर वेगळीच तऱ्हा. पकडलं जाऊ नये म्हणून काहींनी चित्र आरशासारखं उलटं केलेलं असतं, काहींनी कडा कापलेल्या असतात, काहींत वेग किंचित वाढवलेला असतो. आम्ही एका वर्षी अशीच प्रत लावली. सगळे जण चिमणीच्या आवाजात बोलत होते आणि गाणी गायब. दहाव्या मिनिटाला बंद केली. अधिकृत प्रत घ्या, आणि सुरुवातीची दहा मिनिटं आणि मधली पाच मिनिटं आधी चालवून बघा.

मोबाइलवर सिनेमा उतरवून ठेवला म्हणजे झालं, असं समजू नका. काही अॅप मोबाइलचा पडदा टीव्हीवर टाकू देत नाहीत, नुसता आवाज येतो आणि चित्र काळं. उतरवलेल्या फाइलला मुदतही असते. सगळ्यांत बिनघोर मार्ग म्हणजे लॅपटॉप आणि एचडीएमआय वायर. वायर तीन मीटरची घ्या, दीड मीटरची घेतलीत तर लॅपटॉप स्टुलावर आणि स्टूल कुणाच्या तरी पायात.

चित्र पसरवू नका. जुन्या सिनेमाच्या चित्राची चौकट आजच्या टीव्हीइतकी रुंद नसेल तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, त्या राहू द्याव्यात. सेटिंगमध्ये जाऊन ‘पूर्ण पडदा’ केलं की सगळे नट दोन वर्षांचा फराळ एकदम खाल्ल्यासारखे दिसतात.

आवाजाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण विनोदी सिनेमा हा मुळात ऐकायचा असतो. ब्लूटूथ स्पीकर लावला तर आवाज किंचित मागे राहतो. मारामारीच्या सिनेमात ते खपून जातं. विनोदात ओठ आधी हलले आणि शब्द नंतर आला की सगळी मजा गेली. वायरने जोडा, किंवा टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये चित्र-आवाज जुळवायची सोय असते ती वापरा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो, मग गाणी कानठळ्या बसवतात आणि संवाद तरीही कळत नाहीत. वय झालं की आधी बारीक, तीव्र आवाज ऐकू येईनासे होतात, ‘स’, ‘श’, ‘त’ पुसट होतात. त्यासाठी बऱ्याच टीव्हींत संवाद ठळक करण्याची सोय असते, तिचं नाव प्रत्येक कंपनीत वेगळं. ती सुरू करा, आणि आजींची खुर्ची स्पीकरपासून पाच-सहा फुटांवर ठेवा. पंखा पाचवर असेल तर तीनवर आणा. ऑक्टोबरचा उकाडा सरला नसेल तर याच मुद्द्यावर भांडण होतं, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

एक सूचना सोसायटीवाल्यांसाठी. घरात नातेवाइकांसोबत बघणं वेगळं. गच्चीवर पडदा लावून सगळ्या सभासदांना सिनेमा दाखवणं हे घरगुती राहत नाही, त्याला सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम आपल्या विनोदालाही लागू आहे.

कोण कुठे बसणार

खुर्च्यांत वयस्कर, सोफ्यावर मधले, खाली गादीवर पोरं. इतकं सगळ्यांना सुचतं. सुचत नाही ते असं: ज्यांना वारंवार उठावं लागतं त्यांना बाथरूमच्या वाटेवर बसवा, नाहीतर ते संकोचाने पाणीच पीत नाहीत. आमच्या काकांचं असंच व्हायचं. खिडकी पश्चिमेला असेल तर चारच्या उन्हात पडद्यावर नुसती ग्रिल दिसते, तिथे आधीच जाड चादर अडकवा. आणि मोबाइल टोपलीत. मोठ्यांचेसुद्धा. मोठ्यांचेच आधी.

स्वयंपाकघर

आता ती चूक.

आपल्या घरांत सिनेमातल्या गाण्याचा एक जुना उपयोग आहे. गाणं लागलं की चहा टाकायचा. आमच्याकडेही तेच. गाणं आलं की बाबा म्हणत, “चला, तेवढ्यात चहा होऊन जाईल,” आणि आई उठे. वहिनी आल्यावर वहिनीही उठू लागली. मग चकल्या काढायच्या, उरलेली भाजी गरम करायची, कुणाला तरी पाणी. आम्ही हॉलमधून ओरडायचो, “आई, ये लवकर, आता तो येतोय!” ती आतून म्हणायची, “ऐकतेय मी.”

काही वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फार उभं राहायचं नाही असं बजावलेलं, म्हणून तिला खुर्चीत बसवून ठेवली. सिनेमा पुढे सरकला, डोहाळजेवणाचं गाणं आलं, लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन पोट घेऊन बसलेले. आई पुढे वाकली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “अगं, हे असं आहे होय? मला वाटायचं खरंच कुणाचं तरी डोहाळजेवण आहे.”

वीस वर्षं ती हे गाणं स्वयंपाकघरातून ऐकत होती. तोंडपाठ होतं तिला. पाहिलं पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून आमच्याकडे एकच कडक नियम आहे: कुणीही उठलं, कुठल्याही कारणाने, तर सिनेमा थांबतो. पहिल्या वर्षी यावर बरीच चिडचिड झाली, कारण दर सात मिनिटांनी थांबवावं लागत होतं, आणि तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं की कोण किती वेळा उठतं. ते मोजून झाल्यावर चिडचिड आपोआप थांबली.

नियम नुसता करून भागत नाही, त्याची तयारी लागते. ती अशी. चहा अडीच वाजता दोन मोठ्या थर्मासमध्ये भरून हॉलमध्येच आणून ठेवायचा. ताजा नसतो, मान्य. पाण्याचा जार आणि पेले तिथेच. फराळाची ताटं आधी लावून झाकून ठेवायची. दुपारच्या जेवणाची भांडी तशीच राहू द्यायची, ती कुठे पळून जात नाहीत. (हे वाक्य आईला पटायला तीन दिवाळ्या गेल्या.) रात्रीच्या जेवणाचा बेतच करायचा नाही. मिसळीचा रस्सा सकाळी करून ठेवा, संध्याकाळी पाव आणा. भाऊबिजेपर्यंत गोड खाऊन सगळ्यांची तोंडं फिरलेली असतात, झणझणीत काही दिलं की पाहुणे दुवा देतात.

फराळाबद्दल एक अनुभवाची गोष्ट. चकली आणि चिवडा सिनेमा चालू असताना देऊ नका. बारा माणसं एकदम चकली चावायला लागली की शेजारच्यालाही संवाद ऐकू येत नाही. कुरकुरीत ते मध्यंतरात, मऊ ते सिनेमाभर. म्हणजे बेसनाचा लाडू, रव्याचा लाडू, करंजी चालेल. शंकरपाळी कशी झालीय त्यावर. आमच्या आत्याचे अनारसे कुठल्याच गटात बसत नाहीत, पण ते नाकारायची कुणाची टाप नाही.

मध्यंतरात कपबशा गोळा करणं पुरुषांकडे आणि मुलांकडे. हे आधी यादी करून ठरवा. ‘कुणीतरी करेल’ म्हटलं की ते कुणीतरी कोण असतं ते आपल्याला माहीत आहे.

बोलायचं की गप्प बसायचं

पाठ असलेला सिनेमा गप्प बसून बघणं शक्य नाही, आणि बघूही नये. बोलण्याला शिस्त मात्र हवी. आमच्याकडे नटाबरोबर संवाद म्हटलेला चालतो. नटाच्या आधी म्हटला तर दंड. दंड म्हणजे मध्यंतरातल्या कपबशा धुणं. हा नियम केल्यावर पोरं कान देऊन ऐकायला लागली, कारण मोठ्यांना पकडण्यात त्यांना सिनेमाइतकीच मजा येते.

प्रत्येक घरात एक माहितीवाले काका असतात. आमचे काका दरवर्षी सांगतात की हा सिनेमा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला आहे, १९६६चा, आणि मराठीत लिहिला वसंत सबनीसांनी, दिग्दर्शन सचिनचं. माहिती खरी आहे, पण ते ती लीलाबाईंच्या पहिल्या प्रवेशालाच सांगतात. त्यांना आता मध्यंतराची पाच मिनिटं राखून दिली आहेत. ते तयारी करून येतात.

पोरं, नव्या सुना, जावई

पाच-सहा वर्षांच्या मुलाला अख्खा सिनेमा दाखवायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या वर्षी वीस मिनिटं, साड्या नेसून नव्या घरात जातात तेवढी. मग सोडून द्या, अंगणात, गॅलरीत, किल्ल्याशी खेळू द्या. दुसऱ्या वर्षी स्वतःहून अर्धा तास बसतात. आठव्या-नवव्या वर्षी प्रश्न सुरू होतात: यांनी अॅपवर घर का नाही शोधलं? फोन भिंतीला का बांधलाय? ही उत्तरं आजी-आजोबांनी द्यायची. त्यातून पागडी, चाळ, ट्रंककॉल असं बरंच बाहेर पडतं. हल्लीचा अकरा महिन्यांचा करार आणि दलालाची एका महिन्याची दलाली आम्ही आमच्या बाजूने जोडतो.

जुन्या विनोदी सिनेमांत काही ठिकाणी आता खटकतं. रंगावरून, बोलण्याच्या लकबीवरून, बायकी वागण्यावरून हसवलेलं असतं. सेन्सॉरचं ‘यू’ प्रमाणपत्र असलं तरी ते तेव्हाच्या मापाने दिलेलं. अशा जागी चटकन पुढे पळवलंत तर पोरांचं लक्ष नेमकं तिथेच जातं, आणि थांबवून भाषण दिलंत तर पुढच्या वर्षी ती येत नाहीत. मी एक वाक्य बोलते, “हे आज कुणी केलं तर मला आवडणार नाही,” आणि पुढे जाते. विचारायचं असेल तर ती रात्री अंथरुणात विचारतात.

मराठी नसलेलं माणूस घरात आलं असेल तर त्याची वेगळी तयारी. आमची धाकटी जाऊ मल्याळी, वाढलेली नेरूळची. मराठी कळतं, पण या सिनेमातलं शब्दावर शब्द चढणारं मराठी पहिल्या वर्षी तिच्या डोक्यावरून गेलं, आणि आम्ही सगळे हसत असताना ती नम्रपणे हसत होती. ते बघवत नव्हतं. दुसऱ्या वर्षी आदल्या दिवशी तिला फोनवर गोष्ट सांगितली, पात्रं सांगितली, आणि शेजारी एकाच माणसाला बसवलं, माझ्या मुलीला. एकाच, हे महत्त्वाचं. पाच जण एकदम विनोद समजावून सांगायला लागले की विनोदही मरतो आणि माणूसही. इंग्रजी सबटायटल असतील तर लावा, पण कोट्या त्यांत येत नाहीत हे गृहीत धरा. आता सिनेमातल्या संवादातले इस्रायलच्या औषधाचे सत्तर रुपये आमच्या घरात उधारीचं नाव झालं आहे, आणि ते सगळ्यांत जास्त तीच वापरते.

नव्या जावयाला पहिल्या वर्षी जबरदस्ती करू नका. झोपला तर झोपू द्या.

लांबची माणसं

परदेशातल्या भावाला व्हिडिओ कॉलवर टीव्ही दाखवणं विसरा, त्याला नुसता प्रकाश आणि कलकलाट दिसतो. त्याने त्याच्याकडे तोच सिनेमा त्याच वेळी लावायचा, आणि कॉल आपल्या माणसांकडे वळवून ठेवायचा. तिथल्या घड्याळांचं भान ठेवा. लंडनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, आणि दिवाळी नेमकी त्याच दिवसांच्या अलीकडे-पलीकडे येते. आपले दुपारचे तीन म्हणजे लंडनला सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा. न्यू जर्सीला पहाटेचे साडेचार किंवा साडेपाच, त्यामुळे तिकडच्या बहिणीला फक्त मध्यंतरानंतर बोलवा.

ज्या वर्षी लावावासा वाटत नाही

बाबा गेले त्या वर्षी आम्ही दिवाळी केली नाही, सिनेमाही लावला नाही. त्यात अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते पुढचं वर्ष. लावायचा की नाही हे कुणी बोलत नव्हतं, आणि भाऊबिजेच्या दुपारी सगळे उगाच कपाटं आवरत होते. म्हणून सांगते, हे आधी ठरवा, फोनवर, दसऱ्याच्या सुमारास. घरातलं सगळ्यांत मोठं माणूस ‘लावू’ म्हणालं की लावा, ‘नको’ म्हणालं की नको.

गेलेल्या माणसाची कामं वाटून द्या. बाबांकडे रिमोट असायचा आणि ‘चला, तेवढ्यात चहा’ हे वाक्य असायचं. रिमोट आता दरवर्षी एका मुलाकडे, वयाने धाकट्यापासून वर. त्यांची वेताची खुर्ची एक वर्ष रिकामी ठेवली होती, सगळे त्या खुर्चीला वळसा घालून जात होते. दुसऱ्या वर्षी भाचीने तिथे लाडवाचं ताट ठेवलं आणि स्वतः मांडी घालून बसली. कुणी काही म्हटलं नाही.

कंटाळ्याचं वर्ष वेगळं. ते साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येतं. तेव्हा सिनेमा बदलू नका, दुसरं काही बदला. आम्ही एकदा फक्त शेवटचा तास लावला. एकदा आवाज बंद करून पंधरा मिनिटं घरच्यांनीच संवाद म्हटले, आईने लीलाबाईंचे. एकदा माझ्या भावाला साडी नेसवली. फोटो आहेत, पण तो म्हणतो नाहीत.

वही

एक जुनी डायरी ठेवा, टीव्हीखालच्या खणात. सिनेमा संपल्यावर लगेच बातम्या लावायच्या नाहीत. नावं वर सरकत असतानाच ज्याच्याकडे रिमोट त्याने डायरी काढायची. तारीख, कोण कोण होतं, कोण झोपलं, खायला काय होतं, दंड कुणाला, आणि प्रत्येकाने यंदा नव्याने पाहिलेली एक गोष्ट. ही शेवटची गोष्ट टाळू नका. ‘काही नाही’ हे उत्तर चालत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, कुणाच्या तरी पायातली चप्पल, मागे हसू आवरत उभा असलेला एखादा माणूस, काहीही.

डायरी भरून झाली की फराळाचे डबे भरा आणि नेरूळवाल्यांना वेळेत स्टेशनला सोडा.

आमची गेल्या वर्षीची नोंद, भाचीच्या अक्षरात: ‘एकूण १४. झोपले २ (काका, नवे जिजाजी). मिसळ, बेसन लाडू, अनारसे. दंड: मोठी मामी, ३ वेळा. पॉज ९. आजी एकदाही उठली नाही. चहा दादाने केला, थर्मासमध्ये भरला, साखर विसरला.’